माझ्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका चर्चच्या सूचनापत्रकातील शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून दर रविवारी मिस्सानंतर ते पत्रक माझ्या हाती ठेवतात. सारा गाव त्यांना ‘बाई’ म्हणतो. मीही बाईच म्हणतो. 2023 सालच्या उपवासकाळातील एका रविवारी त्यांच्या हातात पत्रक नव्हते. मंडळी पांगेपर्यंत त्या पायरीशी थांबून राहिल्या आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘फादर, त्या कॅन्सरच्या पेशंटचे पुढे काय झाले? कार्डे पोचली ना त्यांना?’’

मला कॅन्सरचा कोणताही पेशंट ठाऊक नव्हता, आणि कार्डेही ठाऊक नव्हती.

हळूहळू उलगडा झाला. चार दिवसांपूर्वी बाईंना माझा ई-मेल आला होता. मी एका महत्त्वाच्या बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही. इस्पितळात एक गरीब रुग्ण आहे, त्याच्यासाठी पाच-पाच हजारांची चार गिफ्ट कार्डे तातडीने घ्यावीत व त्यांवरचे आकडे मला कळवावेत. पैसे मी सायंकाळी परत करीन. आणि हे कृपया कोणाजवळ बोलू नये, कारण रुग्णाच्या कुटुंबाला संकोच वाटेल. पत्राखाली माझे नाव, आणि पत्ता माझाच, एका अक्षराचाही फरक नसलेला. बाईंनी शेजारच्या मुलाच्या मदतीने एका ऑनलाइन दुकानातून कार्डे विकत घेतली आणि आकडे कळवले. वीस हजार रुपये पेन्शनीतून गेले. ‘‘तुम्ही मला कधी इंग्रजीत लिहीत नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हणून तर मला वाटले की, खरोखरच फार घाई असणार.’’

त्याच दिवशी आम्ही 1930 ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदविली. परंतु आकडे केव्हाच वापरून झाले होते. अशा तक्रारीत पहिल्या काही तासांना मोल असते, आणि आमचे चार दिवस बाईंच्या सौजन्यात गेले होते. मी सांगितले म्हणून त्या कोणाजवळ बोलल्या नव्हत्या.

आता वाचक म्हणतील, ह्यात फादरचा काय दोष? मलाही क्षणभर तसेच वाटले. अशी फसवणूक नवी नाही. अमेरिकेत धर्मगुरूंच्या नावाने भाविकांकडे गिफ्ट कार्डे मागणाऱ्या पत्रांविषयी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने 2019 मध्येच सावधगिरीची सूचना दिली होती. पुष्कळदा चोर नाव धर्मगुरूचे घालतो, पत्ता मात्र कोठला तरी भलताच असतो. माझ्या बाबतीत तसे नव्हते. युवक मंडळातील एका संगणक अभियंत्याने माझे खाते उघडून पाहिले आणि दहा मिनिटांत त्याचा चेहरा गंभीर झाला. चोर माझ्या घरात शिरलेला होता. त्याने माझ्या खात्यातूनच पत्रे लिहिली होती. इतकेच नव्हे, तर त्याने तेथे एक नियम घालून ठेवला होता : त्या पत्रांना येणारी उत्तरे माझ्या नजरेस न पडता परस्पर कचरापेटीत जावीत. तेथे एकवीस उत्तरे पडलेली होती. ‘फादर, कोणते इस्पितळ?’, ‘फादर, रोख चालेल का?’, ‘फादर, तुम्ही बरे आहात ना?’ माझ्या माणसांनी मला विचारलेले ते प्रश्न मी कचरापेटीत वाचले.

‘‘फादर, जानेवारीत कुठे पासवर्ड टाकला होता का?’’ त्या मुलाने विचारले. टाकला होता. ‘आपली टपालपेटी भरली आहे, चोवीस तासांत खातरजमा न केल्यास ती बंद होईल’ अशा अर्थाचे एक पत्र आले होते. मी एका अंत्यविधीला निघालो होतो, पायांत चपला होत्या. उभ्याउभ्याच त्या पत्रातील दुव्यावर बोट ठेवले, पासवर्ड लिहिला आणि निघून गेलो. तो पासवर्ड म्हणजे आमच्या आश्रयदात्या संताचे नाव व माझ्या गुरुदीक्षेचे साल. बँकेपासून ग्रंथालयापर्यंत सगळीकडे तोच एक. आठ-दहा वर्षांत मी तो कधी बदलला नव्हता. दुहेरी पडताळणीची सोय त्या खात्यात होती. म्हणजे पासवर्डाखेरीज फोनवर येणारा एक आकडाही मागितला जातो. ती सुरू करण्याविषयी खात्याकडून मला वरचेवर सूचना येत. मी दर वेळी ‘नंतर’ ह्या शब्दावर बोट ठेवीत असे. ह्याच मुलाने एकदा मला त्याविषयी टोकलेही होते. तेव्हा मी हसून म्हणालो होतो, ‘‘अरे, मी गरीब धर्मगुरू. माझ्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’’

हे वाक्य मी आजवर शेकडो घरांत ऐकले आहे, आणि ते विनयाचे वाक्य आहे असेच मला वाटत असे. आता ते मला तसे वाटत नाही. माझ्याकडे चोरण्यासारखे माझे असे काही नव्हते हे खरेच. जे होते ते इतरांचे होते : साडेतीनशे पत्ते, आणि त्या पत्त्यांवरील माणसांचा माझ्यावरचा विश्वास. चोराला माझी गरज केवळ दारासारखी होती.

2000 सालची गोष्ट आठवते. मी तेव्हा नवखा सहायक धर्मगुरू होतो. 4 मे रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ ह्या विषयाचे एक पत्र निघाले आणि एका दिवसात जगभर पसरले. सोबत प्रेमपत्र जोडलेले दिसे. ते उघडले की संगणकातील छायाचित्रांच्या फाइली नष्ट होत आणि पत्र आपण होऊन त्या माणसाच्या यादीतील प्रत्येकाला जाई. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल व्यवस्था बंद ठेवावी लागली. आम्ही तरुण पाद्री जेवणाच्या टेबलावर पुष्कळ हसलो. अनोळखी प्रेमपत्र उघडून पाहणाऱ्यांची फजिती झाली, असा आमचा समज. वास्तविक ती पत्रे अनोळखी नव्हतीच. ती सहकाऱ्याकडून, मेव्हण्याकडून, वरिष्ठांकडून आलेली होती, आणि म्हणूनच ती उघडली गेली. ज्याने ते लिहिले तो मनिलातील एक तरुण विद्यार्थी. इंटरनेटचे शुल्क परवडत नसल्याने इतरांचे पासवर्ड मिळविण्यासाठी आपण तो उद्योग केला, असे त्याने अनेक वर्षांनी एका पत्रकाराजवळ कबूल केले. त्या वेळी फिलिपिन्समध्ये ह्या अपराधासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे खटला उभा राहिला नाही. कायदा झाला तो पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये. आपल्या देशातील माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा.

ह्यात वापरणाऱ्याचाच तेवढा दोष होता, असे मी म्हणणार नाही. त्या जोडपत्राच्या नावाचे खरे शेपूट, म्हणजे हा कागद नसून चालणारा प्रोग्रॅम आहे हे सांगणारी अक्षरे, विंडोज त्या काळी आपण होऊन लपवून ठेवीत असे. लोकांना जे दाखविलेच नाही ते त्यांनी कसे पाहावे? ई-मेलची मूळ रचनाही अशीच भाबडी आहे. 1982 मध्ये तिचे जे नियम ठरले, त्यांत ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि टपाल ते निमूटपणे पोचवावे, अशी स्थिती होती. पाकिटाच्या मागे कोणी काहीही लिहिले तरी पोस्टमन विचारीत नाही, तसेच. मोजक्या विद्यापीठांतील एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींनी ती व्यवस्था बांधली. घराला कडी लावण्याची त्यांना गरज भासली नाही. नाही म्हणायला त्यांच्यातील जॉन पोस्टेल ह्यांनी 1975 मध्येच नको असलेल्या पत्रांच्या उपद्रवाविषयी एक टिपण लिहून ठेवले होते. तीन वर्षांनी, मे 1978 मध्ये, एका संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा जाहिरात धाडली. पत्त्यांची यादी इतकी लांब झाली की उरलेले पत्ते पत्राच्या मजकुरातच उतरले! स्पॅमचा इतिहास तेथून सुरू होतो असे मानतात. ‘स्पॅम’ हे नाव मात्र पुढचे. डबाबंद मांसाच्या एका छापावरून 1970 मध्ये इंग्लंडात एक विनोदी प्रवेश दूरचित्रवाणीवर झाला. त्यात तोच शब्द इतक्या वेळा येतो की इतर काही ऐकू येईनासे होते. नाव समर्पक आहे.

व्यवस्था आता बरीच सुधारली आहे. पत्र खरोखर त्याच पत्त्यावरून निघाले आहे की नाही हे तपासण्याच्या पद्धती आल्या. 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू ह्यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या आहेत. हे उशिरा झाले, पण झाले. मात्र मीच किल्ली चोराच्या हाती दिली तर पहारेकरी काय करणार? त्याच्या दृष्टीने पत्र खरेच होते.

असेच आपल्या संगणकाचे. आणखी एक गोष्ट मला त्या मुलाकडून कळली. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील एका कंपनीचा इंटरनेटशी असलेला संबंध तोडण्यात आला आणि जगातील स्पॅमचे प्रमाण एकाएकी निम्म्याहून खाली आले. पुढे ते पुन्हा वाढले ती गोष्ट वेगळी. परंतु ती पत्रे त्या कंपनीच्या यंत्रांवरून निघत नव्हती. तेथून केवळ हुकूम सुटत. पत्रे धाडीत होते ते जगभरच्या सामान्य कुटुंबांतील संगणक, मालकांच्या नकळत. त्या मालकांपैकी प्रत्येकजण विचारल्यास म्हणाला असता, माझ्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला अज्ञानाचे दोन प्रकार शिकविले होते. एक, जे दूर करणे माणसाच्या शक्तीबाहेर होते. त्याचा दोष त्याला लागत नाही. दुसरे, जे थोड्या कष्टाने दूर करता आले असते, पण आळसाने तसेच राहू दिले. त्याची जबाबदारी टळत नाही. परीक्षेत मी त्याला उत्तम गुण मिळविले होते. वाड्यातील विहिरीला कठडा बांधणे लांबणीवर टाकणारा माणूस ‘मी कोणाला ढकलले नाही’ असे म्हणू शकेल. पण आमच्या वसईत तसे म्हणून त्याला कोणी सोडणार नाही.

पुढल्या रविवारी मी हे सारे प्रवचनानंतर व्यासपीठावरून सांगितले, चपलांसकट. बाईंचे नाव घेतले नाही; परंतु गावात काय लपून राहते? मिस्सानंतर आवारात चार जण माझ्याभोवती जमले. ‘‘बाई एवढ्या शिकलेल्या,’’ एक गृहस्थ म्हणाले, ‘‘त्या कशा फसल्या?’’ दुसरे म्हणाले, ‘‘वय झाले, दुसरे काय!’’ मी नुकतीच माझी चूक सांगितली होती. पण फादर एवढे शिकलेले, त्यांनी किल्ली कशी दिली, असे एकानेही विचारले नाही. मला त्या सवलतीची फार लाज वाटली. बाई फसल्या त्या वयामुळे नव्हे, अज्ञानामुळेही नव्हे. रुग्णासाठी मागितले आणि धर्मगुरूने मागितले, म्हणून त्यांनी दिले. आम्ही वर्षानुवर्षे त्यांना हेच तर शिकवीत आलो. फसलेल्याला हसण्याची ही रीत चोराच्या फार उपयोगी पडते. कारण त्या भीतीने माणसे गप्प राहतात, आणि फोनचे ते पहिले तास हातचे जातात. उत्तरे लिहिणाऱ्या त्या एकवीस जणांना मी एकेक करून भेटलो. आणखी दोघांचे पैसे गेले होते. दोघांनीही घरी सांगितले नव्हते.

वीस हजार रुपये पाकिटात घालून मी बाईंकडे गेलो. त्यांनी पाकीट घेतले नाही. ‘‘माझे गेले ते गेले. पण त्या पेशंटला काही मिळालेच नाही,’’ असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, ‘‘बाई, तो पेशंट नव्हताच.’’ ‘‘मग असलेला शोधा,’’ त्या म्हणाल्या. मला शोधावे लागले नाही. त्याच आठवड्यात एक कुटुंब इस्पितळाचे बिल घेऊन मिशन-घराच्या दाराशी आले.

पासवर्ड मी आता प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवतो. लक्षात राहत नाहीत, म्हणून त्या मुलाने ते सांभाळणारा एक प्रोग्रॅम बसवून दिला आहे. दुहेरी पडताळणीही सुरू आहे आणि तिचा कंटाळाही येतो. निमंत्रणे धाडताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसणार नाहीत अशी ‘बीसीसी’ची सोय वापरतो, पूर्वी मी साऱ्या गावाचे पत्ते साऱ्या गावाला वाटीत असे. धर्मग्रामाच्या नावाने ई-मेल वा व्हॉट्सॲपवर पैसे मागितले जाणार नाहीत, मागितले तर आधी मिशन-घरात फोन करावा, हे सूचनापत्रकात कायम छापतो. आणि ‘हा संदेश बारा जणांना पाठवा म्हणजे संत यूदा प्रसन्न होतील’ असे जे मला भाविकांकडून येत असते, ते पुढे पाठविणे बंद केले आहे. पूर्वी हीच पत्रे पोस्टकार्डावर येत. तेव्हा निदान पाठविणाऱ्याला तिकिटाचा भुर्दंड पडे.

गेल्या सणाच्या नोव्हेनाचे निमंत्रण मी ई-मेलने धाडले. अर्ध्या तासात मिशन-घरातील फोन वाजला.

‘‘फादर, पत्र आले आहे. तुम्हीच लिहिले ना?’’

‘‘होय बाई, मीच.’’

‘‘तरी म्हटले विचारावे. खाली ‘आशिर्वाद’ लिहिले आहे, शि ऱ्हस्व. तेव्हाच ओळखले होते.’’