रफीसाहेबांची सक्ती

महंमद रफी मला आवडत नाहीत, असं मी एकदा आमच्या मामूंच्या तोंडावर बोललो होतो. 1983 साल असेल, मी चौदा वर्षांचा. भर दस्तरखानावर बोललो. अम्मीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जुम्म्याची नमाज बुडवल्याचं कबूल केलं होतं. मामूंनी हातातला घास थाळीत ठेवला आणि विचारलं, "फिर कौन पसंद है तेरे कू?" मी किशोरकुमारचं नाव घेतलं. मामू हात धुऊन उठले, ते पुढचे आठ दिवस आमच्या घराकडे फिरकले नाहीत.

आज मागे वळून पाहतो तेव्हा कळतं, की मला रफी आवडत नव्हते हे खरं नव्हतं. मला त्यांचा वीट आला होता. पण चौदाव्या वर्षी या दोहोंतला फरक सांगता येत नाही. आणि समोर मामू असताना तो सांगण्याची सोयही नव्हती.

मामू बार्शीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. 31 जुलै 1980 च्या रात्री रफीसाहेब वारले. रमजान चालू होता, दुसरा दिवस जुम्म्याचा. सकाळी बातमी कळली तसे मामू रजेचा अर्ज न देता पुण्याच्या गाडीत बसले. पुढे मुंबई गाठायची, मातीला जायचं. पण पुण्याला उतरले तोवर मुंबईत भर पावसात हजारो माणसं लोटून दफनही झालेलं होतं. मामूंनी पुणे स्टँडवर दोन केळ्यांवर रोजा सोडला आणि रात्रीच्या गाडीने परत आले. बिनपगारी रजा झाली, साहेबाची बोलणीही खावी लागली. त्या दिवसापासून मामूंच्या प्रेमात काहीतरी बदललं. आधी ते रफी ऐकायचे, आता ते आम्हाला ऐकवू लागले.

आखातातून आलेल्या एका शेजाऱ्याकडून त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला. संध्याकाळी ड्यूटीवरून आले, अंगावरचं ऑईल धुतलं की बटण दाबायचे. आमची घरं भिंतीला भिंत लागून. गणिताचा अभ्यास, अम्मीचं शिवणकाम, आजीची तसबीह, सगळं रफींच्या आवाजात बुडून जायचं. नुसतं ऐकून भागत नसे. मध्येच गाणं थांबवून परीक्षा व्हायची. पिक्चर कौनसी? म्युझिक किसका? चुकलं की टपली. 'चित्रलेखा'चं संगीत रोशनचं की मदनमोहनचं, यावर मी जेवढ्या टपल्या खाल्ल्या तेवढ्या इतिहासाच्या मास्तरांच्याही खाल्ल्या नसतील.

त्यात आकड्यांचा एक प्रकार होता. रफीसाहेबांनी 28 हजार गाणी गायली, हे मामूंचं ठाम मत. तो आकडा मामूंच्या मनचा नव्हता. लताबाईंचं नाव गिनेस बुकात आलं तेव्हा रफींनी स्वतःच त्याला हरकत घेतली होती आणि पुढे त्या पुस्तकात त्यांचा हा दावा नोंदलाही गेला. नंतर जाणकारांनी एकेक ध्वनिमुद्रिका मोजली तेव्हा संख्या पाच हजारांच्या आसपास भरली. पाच हजार गाणी! एका जन्माला एवढी पुरेत. पण मामूंना पाच हजार म्हणजे रफीसाहेबांची बेइज्जती वाटायची. मी एकदा वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं तर म्हणाले, "गिननेवाला किशोरका आदमी होंगा."

किशोरकुमार हा मामूंच्या लेखी शत्रुपक्ष. 1969 साली 'आराधना' आला आणि रफीसाहेबांचे दिवस फिरले, हा राग त्यांनी जन्मभर जपला. त्याच 'आराधना'त रफींचीही दोन गाणी आहेत, हे ते सोयीने विसरायचे. आणि 'रागिनी' आणि 'शरारत' या चित्रपटांत पडद्यावरच्या किशोरकुमारला रफींनी आवाज दिलाय, हे सांगितलं की ते ऐकलं न ऐकलं करत. त्या दोघा गायकांचं आपसात काही भांडण नव्हतं. भांडण बार्शीच्या चहाच्या टपरीवर होतं. तिथं हळूहळू त्याला दुसराच रंग चढला. रफी आपला, किशोर त्यांचा. वास्तविक आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात रफी गाणारा मुलगा होता शिंप्याचा, आणि मामूंच्या कॅसेटींचा सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक होता डेपोतला एक वारकरी कंडक्टर. पण टपरीवरच्या भांडणाला असल्या माहितीची गरज नसते.

ऑर्केस्ट्राचं नाव काढलं म्हणून सांगतो. 'बैजू बावरा'त दरबारी रागातलं रफींचं एक गाणं आहे. त्याच्या शेवटी आवाज वर, अजून वर जातो. गावोगावचे गायक तेवढ्यासाठीच ते गाणं घ्यायचे. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे पांढरे व्हायचे, लोक शिट्ट्या मारायचे. मामू उभे राहून टाळ्या वाजवायचे. रफी म्हणजे किती वर गेला, एवढंच माप उरलं. 'हम दोनों'मध्ये हाच माणूस किती खालच्या आवाजात, किती निवांत गायलाय, ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. शब्बीरकुमार, मोहंमद अजीज, अन्वर यांनी त्यांच्या परीने गायलं. त्यांची कॅसेट लागली की मामू म्हणायचे, नकल. मला मात्र त्या काळात अस्सल आणि नक्कल यांत फारसा फरक ऐकू येत नव्हता. कान बधिर झाले होते.

पुढे मी डी.एड. झालो, शिक्षक झालो, घर सुटलं. वाटलं, आता सुटलो. पण रफीसाहेब तिथेही येऊन उभे राहिले, आणि ते मामूंच्या टेपरेकॉर्डरपेक्षा जड गेलं.

1992-93 नंतरचे दिवस. तालुक्याला शांतता समितीच्या सभा, एकात्मतेचे मेळावे. गावात मराठी नीट बोलणारा मुसलमान मास्तर म्हणून व्यासपीठावर माझी एक खुर्ची ठरलेली. आणि प्रत्येक सभेत एक वाक्य ठरलेलं. 'बैजू बावरा'मधलं मालकंसातलं भजन लिहिलं शकील बदायुनींनी, चाल लावली नौशादांनी, गायलं महंमद रफींनी. वक्ता एवढं बोलून थांबायचा. टाळ्या पडायच्या. मग सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या, जणू मीच पेटी वाजवली होती. मी हसून मान लववायचो. एकदा एकाच संध्याकाळी तीन वक्त्यांनी ते सांगितलं. चौथा मी होतो. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या भाषणाच्या कागदावरही तेच लिहिलेलं होतं.

बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता. त्यांतले काहीजण दंगलीच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी रात्र-रात्र बसलेले होते, हे मी विसरू शकत नाही. पण 1952 सालचं एक गाणं, अतिशय सुंदर गाणं, त्याचं हळूहळू काय झालं, ते सांगतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असा एक रकाना असतो. ते गाणं माझ्यासाठी तो रकाना झालं. आणि दाखला कोण आवडीने वाचतो? तो फायलीत असतो, कुणी मागितला की काढून दाखवायचा. रेडिओवर ते लागलं की मी स्टेशन बदलू लागलो. बायकोने एकदा विचारलं, "एवढं चांगलं गाणं, का बंद केलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता तर मोबाईल आहे. 31 जुलै आणि 24 डिसेंबर, रफींची पुण्यतिथी आणि जयंती, या दोन दिवशी पहाटेपासून तेच फोटो, तीच माहिती, पुन्हा तो 28 हजारांचा आकडा आणि खाली 'पुढे पाठवा'. शिक्षकांच्या गटात एक जण दरवर्षी मला उद्देशून पाठवतो. मी हात जोडल्याचं चित्र टाकतो.

या सगळ्यातून एक कोपरा वाचला. श्रीकांत ठाकरे यांनी रफींकडून मराठी गाणी गाऊन घेतली. ती आकाशवाणीवर दुपारी कधीतरी लागायची. मामूंच्या कॅसेटींत ती नव्हती. त्यांच्या मते खरे रफी हिंदीतलेच. त्या गाण्यांवर माझी कधी परीक्षा झाली नाही, कुठल्या वक्त्यानेही ती माझ्यासमोर धरली नाहीत. रफींच्या मराठीत एक जपून पाऊल टाकणं ऐकू येतं. परक्या अंगणात चप्पल काढून यावं तसं. कचेरीत साहेबापुढे बोलताना अब्बांचं मराठी असंच व्हायचं. ती गाणी लागली की मी हातातलं काम थांबवतो. तेवढे रफी माझ्याकडे शाबूत राहिले.

2012 साली कुर्ल्याला नात्यातलं लग्न होतं. मामू तेव्हा सत्तरीच्या पुढे, कान कमी झालेले. म्हणाले, जुहूच्या कब्रस्तानात घेऊन चल, तेव्हा राहून गेलं होतं. मी नेलं. खरं तर मला एक गोष्ट ठाऊक होती, ती मी त्यांना दोन वर्षं सांगितली नव्हती. नव्या मय्यतींसाठी जागा करायला जुन्या कबरी काढल्या, त्यांत रफीसाहेबांचीही गेली, असं 2010 साली पेपरात आलं होतं. सांगायला तोंड होत नव्हतं. वाटायचं, आता ऐकायलाही येत नाही त्यांना, कशाला सांगा. आत गेल्यावर तिथल्या माणसाने एका नारळाच्या झाडाकडे बोट केलं. म्हणाला, यहीं कहीं थी, लोग इसी पेड के पास फातिहा पढते हैं.

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, त्यात त्यांना कळलं असावं. त्यांनी टोपी सारखी केली, फातिहा पढली. बराच वेळ हात तसेच होते. मग म्हणाले, "जगा कम है. सबकू लगती." बाकी काही नाही.

सांताक्रुझला आम्ही लोकल पकडली. दुपारची, रिकामी होती. मामू खिडकीशी बसले. एरवी एवढ्या वेळात दोन-तीन मुखडे झाले असते, एखादी परीक्षाही झाली असती. मलाच राहवलं नाही. त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हटलं, "मामू, कुछ गाओ ना. रफीसाहबका."

त्यांनी वळून पाहिलं. "तेरे कू पसंद नै ना," म्हणाले.

वांद्रे आलं. रफीसाहेबांचं घर इथं, हे मी लहानपणापासून त्यांच्याकडून शंभर वेळा ऐकलेलं. मामू खिडकीबाहेर पाहत होते. गाडी सुटली.