जव्हारची वाट

नाशिक व जव्हार यांमधील डोंगर सायकलीने ओलांडावा, हा विचार आमच्या मंडळीत प्रथम कोणी काढला ते आता सांगता येणार नाही; पाचहीजण तो आपलाच असल्याचे सांगतात. एकाचे आजोळ जव्हारास आहे आणि दिवाळीची सुटी तोंडावर आली होती. शिवाय आमच्या गावच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली सायकलीवरून अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडल्याची हकीकत आम्हांस तोंडपाठ होती. सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या त्या शर्यतीपुढे आमचे ऐंशी किलोमीटर ते काय! त्या बंधूंच्या मागे रात्रंदिवस मोटार व मदतनिसांची तुकडी होती, ही गोष्ट मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

अडचण एकच होती. आमचा एक सोबती त्याआधीच्या वर्षी एका घाटाच्या उतारावर पडला होता. ब्रेक दाबावा की सोडावा हे ठरण्यापूर्वीच वळणावरची खडी चाकाखाली आली, आणि पुढचे दोन महिने त्याचा डावा हात गळ्यात अडकवलेला होता. तेव्हापासून त्याची सायकल ओसरीत भिंतीस टेकून उभी असे. त्याला वगळून जाण्याचे आमच्या मनातही आले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. आले होते, व त्यावर दोन दिवस खलही झाला. अखेर लाज वाटून आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या मातोश्रींस आम्ही काकू म्हणतो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "वाट कोणती ते कागदावर लिहून आणा. मग बघू."

परवानगी मागावयास गेलेल्यांस अभ्यास घेऊन परतावे लागले. आम्ही नकाशा पसरून बसलो. तीन वाटा दिसत होत्या. पहिली मुंबई-आग्रा महामार्गाची. घोटी-इगतपुरीवरून थळ घाट, म्हणजे ज्याला सर्वजण कसारा घाट म्हणतात तो, उतरावयाचा व खाली खोडाळ्याकडे वळून मोखाड्यास निघावयाचे. याच घाटातील लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. ३७ फुटांस १ फूट असा त्याचा चढ आहे, आणि तेवढ्यासाठीही कसाऱ्यास बहुतेक गाड्यांस जादा इंजिने जोडावी लागतात. मोटारीच्या रस्त्याचा चढ त्याहून तीव्र, आणि त्यावर अवजड वाहनांची अखंड रांग. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग इगतपुरीजवळ बोगद्यातून डोंगर पार करतो खरा, परंतु त्यावर सायकलीस मज्जाव आहे. ही वाट आम्ही पाच मिनिटांत खोडली.

दुसरी गिरणाऱ्यावरून वाघेरा घाटाने हरसूलकडे जाणारी. ही आम्हा सर्वांस फार आवडली. वाहने थोडी, रान दाट. पण आवडणे निराळे व निवडणे निराळे. आडरानात चाकाची तार तुटली किंवा कोणास घेरी आली, तर तासभर दुसरे माणूस भेटेल याची खात्री कोण देणार? मनावर दगड ठेवून तीही बाजूस सारली. उरली त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार ही सरळ वाट. त्र्यंबकपर्यंत २८ किलोमीटर, पुढे सुमारे ५०. वाटेत वस्ती आहे, एस.टी. आहे, चहाच्या टपऱ्या आहेत. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेस या रस्त्यावर पाय ठेवावयास जागा नसते. दिवाळीनंतरच्या दिवसांत मात्र तो बराच मोकळा असतो, पावसाळ्यातील धुकेही सरलेले असते.

नकाशावरून अंतर कळते, चढ कळत नाही. म्हणून आमच्यापैकी दोघे एका रविवारी जव्हारच्या एस.टी.त अगदी पुढल्या बाकावर बसून गेले व त्याच दिवशी परत आले. चालकाचा डावा हात गिअरच्या दांड्यावर कोठे कोठे जातो, यावर त्यांनी नजर ठेवली. मोठे गिअर टाकून खालचे घेतले की कागदावर एक रेघ. चार रेघा लागोपाठ पडल्या की तेथे पायउतार व्हावयाचे, असा आमचा नियम. भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात ही पद्धत सापडणार नाही, परंतु तिने आम्हांस दगा दिला नाही.

कागद तयार झाला. चढाच्या जागी तांबडी पेन्सिल, पाण्याच्या जागी निळी, पायी चालण्याच्या जागी फुली. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, "यात उतार कुठे आहेत?"

उतार आम्ही दाखवलेच नव्हते! उतार म्हणजे फुकटची मजा, तो कशाला मोजावयाचा, अशीच आमची समजूत. काकू म्हणाल्या, "चढावर माणूस दमतो. पडतो तो उतारावर." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "मग उलटे का येत नाही?"

त्यांनी जन्मात सायकल चालवलेली नाही. पण त्या एका प्रश्नाने आमचा सारा बेत पालटला, कारण हिशेब त्यांच्याच बाजूने होता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्र्यंबक सुमारे ७२०, जव्हार सुमारे ४५०. नाशिकहून निघालो तर त्र्यंबकापुढे घाट उतरावा लागणार. स्वार व सायकल मिळून ७५ किलो वजन २७० मीटर खाली आणावयाचे, म्हणजे जवळजवळ दोन लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. अर्धा लिटर गार पाण्यास उकळी यावी एवढी ती उष्णता. तिचा मोठा भाग रबराच्या चार लहान तुकड्यांवर पडावयाचा. उलट जव्हारहून निघाल्यास घाट सकाळच्या ताज्या दमाने चढावयाचा, फार तर सायकल हाती धरून. आणि पाय थकल्यावर त्र्यंबक ते नाशिक हा लांब, सौम्य उतार. विज्ञानाच्या तासाला हे सारे आम्ही शिकलो होतो. असो.

एका सोबत्याच्या मामांचा भाजीचा टेम्पो जव्हारास जात असतो. त्यात पाच सायकली आडव्या घालून आम्ही आदल्या सायंकाळी पोहोचलो. जव्हार पाहावयास वेळ थोडाच मिळाला. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा उन्हे उतरताना बाहेरूनच पाहिला. १६६४ साली सुरतेस जाताना शिवाजी महाराज जेथे थांबले असे सांगतात, तो शिरपामाळही पाहिला. १९४८ पर्यंत हे एक स्वतंत्र संस्थान होते, हे आजीबाईंनी नागलीची भाकरी वाढता वाढता सांगितले.

सकाळी सहाला निघालो. मोखाड्यापर्यंतची वाट निव्वळ चढाची नाही. ती ओढ्यापाशी उतरते, पलीकडे पुन्हा चढते. दोन्ही बाजूंस भात कापणीला आलेले, माळावर खुरासणीची पिवळी फुले. पहिलाच लहानसा उतार आला तेव्हा आमचा तो सोबती मुकाट्याने खाली उतरला व सायकल धरून चालू लागला. आम्ही चौघेही उतरलो. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या उताराला तेच. तिसऱ्याला तो म्हणाला, "तुम्ही जा रे पुढे," आणि आम्ही गेलो नाही.

तोरंगण घाटात मात्र तो आम्हा सर्वांच्या पुढे होता. चढावर त्याचा हात दुखत नाही आणि छाती आमच्याहून मजबूत आहे, हा शोध आम्हांस तेथे लागला. दोन ठिकाणी आम्ही फुलीप्रमाणे पायी चाललो; तिसऱ्या ठिकाणी फुली नसतानाही चालावे लागले, कारण आमच्यातील सर्वांत बढाईखोराच्या पोटऱ्यांत गोळे आले. (त्याचे नाव येथे देत नाही. हा मजकूर तोच लिहून काढीत आहे.)

घाटमाथ्याचा हा मुलूख पाण्याची वाटणी करतो. ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी पूर्वेस वळून १,४६५ किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते; येथलीच वैतरणा पश्चिमेस उतरून अरबी समुद्राला जाते व वाटेत मुंबईची तहान भागवते. पुस्तकात ही ओळ आम्ही कितीदा वाचली असेल. त्या दिवशी ती पायांना कळली. इतका वेळ रेटावे लागणारे पॅडल एकाएकी हलके झाले, आणि सायकली आपण होऊन गोदावरीच्या बाजूने चालू लागल्या.

त्र्यंबकास जेवून एक तास विश्रांती घेतली. नंतर पेगलवाडी, अंजनेरी, महिरावणी. येथे उतार सौम्य आहे, पण उतारच आहे. आमचा सोबती गावाबाहेर थांबला, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि सायकलीवर बसला. अंजनेरीचा डोंगर उजव्या हाताला मागे सरेपर्यंत तो एकदाही उतरला नाही. आम्ही मुद्दाम त्याच्या मागे राहिलो. सातपूरच्या गर्दीत मात्र सर्वांनीच उतरून सायकली हाती धरल्या.

पाच वाजता काकूंच्या दारात पोहोचलो. त्यांनी प्रथम कागद मागितला. जेथे जेथे पायी चाललो तेथे खूण करावी, असे त्यांनी बजावले होते व ते आम्ही इमानाने केले होते. उभ्या उभ्याच त्यांनी खुणा मोजल्या. सात होत्या, त्र्यंबकपासून सातपूरपर्यंत एकही नव्हती. तेथे बोट ठेवून त्यांनी मुलाकडे पाहिले. "इथे?" त्याने मान हलवली. काकूंनी कागदाची घडी घातली, ती दिनदर्शिकेच्या मागे खोचली, आणि चहा टाकावयास आत गेल्या.