आज्ञापालन : धाकाचं आणि प्रीतीचं

पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटला, की तालुक्याबाहेरच्या मंडळीत उपासनेला जाणं राहून जातं. नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्या एका परिचारिका भगिनीने मला विचारलं, "पाळकसाहेब, पावसाळ्यात बरेच रविवार चुकले. देव ते मनात धरून ठेवील का हो?" असे प्रश्न पाळकाच्या कानी नेहमी येतात. दशमांश राहिला, उपवास मोडला, की पहिला विचार शिक्षेचाच येतो. मी त्यांना म्हटलं, "ताई, रात्री-अपरात्री रुग्णासाठी उठता, तेव्हा देवाचंच ऐकत असता."

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला पाठ असतो, पण थोरल्या भावापाशी आपण फारसे थांबत नाही. त्याने बापाचा शब्द कधी मोडला नव्हता. तरी धाकटा परतल्याची मेजवानी घरात चालू असताना तो अंगणात उभा राहून केलेल्या चाकरीचा हिशेब मांडत होता. इतकी वर्षं राबूनही बापाचं मन त्याला कळलं नव्हतं.

पंडिता रमाबाईही थोरल्या भावासारख्याच अनुभवातून गेल्या होत्या. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्ममतं पटली होती, नियमही मान्य होते. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त मिळायचा राहिला, हे त्यांना काही वर्षांनी उमगलं आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहून ठेवलं. देवाने आपल्याला आधीच आपलंसं केलं आहे, ही खात्री पटली आणि त्यांचं मन निवांत झालं.

धाक गेला तर माणसं मोकाट सुटतील, अशी भीती अनेक पाळकांना वाटते. त्यांनी रमाबाईंचं पुढचं आयुष्य पाहावं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता. भुकेने खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आपल्याकडे आणलं, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं केलं. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईला असं कर म्हणून कुठल्या मंडळीच्या नियमाने सांगितलं नव्हतं. नियम पुरा झाला की माणूस थांबतो. प्रीतीला समोरचं दुःख दिसतं तोवर थांबता येत नाही.

दहा आज्ञांची सुरुवातही हुकुमाने होत नाही. मिसरच्या दास्यातून मीच तुम्हाला बाहेर काढलं, हे देव आधी सांगतो. आज्ञा त्यानंतर येतात. म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आणि आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे. 'देव शिक्षा करील' असं सांगून मुलांकडून आज्ञा पाठ करून घेऊ नका. देवाने त्यांच्यावर किती प्रीती केली, ते आधी सांगा.