बारा मिनिटांचा खेळ

मुलांनो, लॅपटॉपवरचा तुमचा खेळ कधी अडखळतो का? पळणारा गडी जागीच थबकतो आणि मग एकदम चार पावलं पुढे उडी मारतो, असं? मग आमच्या घरची ही फजिती ऐकाच. आईबाबांनाही वाचून दाखवा, कारण यात चूक मोठ्या माणसाची आहे.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे अकोल्याला आला होता. नुकतीच सहावीची परीक्षा दिलेला. माझ्या लॅपटॉपवर तो ‘माइनक्राफ्ट’ खेळायचा. ठोकळ्यांचं जग असतं ते. खणा, रचा, बांधा. आपण दिवाळीत मातीचा किल्ला करतो ना, तसा किल्ला तो त्यात बांधत होता. तट झाले, दोन बुरूज झाले, आणि खेळ अडखळायला लागला. पाठोपाठ माझी निकालपत्रकंही रेंगाळू लागली. झालं! मी कडाडले, “तुझ्या खेळानंच बिघडला लॅपटॉप! उद्यापासून हात लावायचा नाही.”

“मावशी, मी काहीच केलं नाही गं,” एवढंच म्हणाला तो. रात्री अर्धी पोळी टाकून गच्चीवर जाऊन बसला.

मला झोप लागेना. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली, तर मीच सांगते की आधी शोधा, मग नाव घ्या. आणि इथे? सकाळी त्याला म्हटलं, “चल, दोघं मिळून शोधू. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.”

आता थोडं समजून घ्या. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे भराभर दाखवलेली सुटी चित्रं. सिनेमात सेकंदाला २४ असतात. आमच्या खेळात ६० यायला हवी होती. म्हणजे एक चित्र तयार करायला लॅपटॉपला सेकंदाचा साठावा भागच मिळतो! त्यातली काही उशिरा आली, की डोळा लगेच पकडतो. या खेळात एफ-३ हे बटण दाबलं, की सेकंदाला किती चित्रं येताहेत तो आकडा दिसतो. (आमच्याकडे त्यासोबत एफएनही दाबावं लागलं.)

पहिला संशय इंटरनेटवर. ते बंद करून तो स्वतःच्या जगात एकटाच खेळला. तरी अडखळणं तेच. म्हणजे इंटरनेट सुटलं. मित्रांबरोबर खेळताना घाव उशिरा लागतो, ते दुखणं वेगळं बरं का.

मग नजरेचं अंतर. खेळातलं जग १६ गुणिले १६ ठोकळ्यांच्या चौकोनांत वाटलेलं असतं आणि किती चौकोन लांबपर्यंत दिसावं ते आपण ठरवतो. आमचं होतं १६. दोन्ही बाजूंचे १६ आणि आपला एक, म्हणजे ३३ गुणिले ३३, साधारण १०८९ चौकोन. ते ८ वर आणलं तर १७ गुणिले १७, फक्त २८९! अंतर निम्मं, ओझं जवळजवळ पाव. माझ्यातली गणिताची बाई खूश झाली. लांबचे डोंगर गेले म्हणून भाचा खट्टू. खेळ थोडा सुधारला, पण अडखळायचा राहिला नाही.

वही मात्र त्यानंच नीट वाचली. “मावशी, सुरुवातीला दर वेळी ६० आहेत. मग बारा-तेरा मिनिटांनीच १५ वर का येतात गं?”

खरंच की! लॅपटॉपच कमजोर असता, तर पहिल्या मिनिटापासून अडखळला असता. मी खालून हात लावला. तवा नुसता! आतला प्रोसेसर फार तापला, की जळू नये म्हणून आपणहून मंद होतो. आणि लॅपटॉप होता कुठे? पलंगावर, गोधडीवर. “खाली बसू नकोस, इथे मऊ आहे,” म्हणत ती गोधडी मीच अंथरली होती. हवा घेणारी खालची भोकं बंद, आणि बाहेर पारा ४४ अंशांवर.

लॅपटॉप टेबलावर आणला, मागच्या कोपऱ्यांखाली दोन खोडरबर ठेवले. बाराची पंचवीस मिनिटं झाली. तो कूलरसमोर ठेवायला निघाला होता, पण मी अडवलं. ती हवा दमट असते.

उरलेलं उत्तर कूलरनंच सुचवलं. त्याच्या जाळीतलं गवत धुळीनं भरलं, की पंखा नुसता घोंगावतो, गारवा येत नाही. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. (घरी उघडू नका हं!) पंख्याच्या तोंडाशी पांढरा नमदा जमला होता. दुकानदार हसले, “मॅडम, घरी पिठाची गिरणी आहे का?”

गिरणी कसली, खडू! वर्षभर लॅपटॉप फळ्याखालच्या टेबलावर, आणि डस्टर मी त्याच टेबलाच्या कडेवर आपटते. त्यांनी धूळ काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेपही बदलला. तो लेप उष्णता बाहेर पोचवायला असतो.

दुकानाच्या पायरीवरच मी म्हटलं, “चुकलं रे माझं. तुला उगाच बोलले.”

तो थोडा वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, “मग आज दोन तास?”

“एक.”

त्या एका तासात आकडा साठाच्या खाली फारसा आला नाही. डोंगर परत दिसू लागले, तिसरा बुरूजही उभा राहिला. आणि किल्ल्याच्या दारावर त्यानं इंग्रजी अक्षरांत एक मराठी पाटी लावली: ‘आत खडू आणण्यास सक्त मनाई.’