आखूड पत्त्याची जबाबदारी

१/
गूगलने आपल्या ‘यूआरएल शॉर्टनर’ या सेवेने दिलेले दुवे बंद करण्यासाठी २५ ऑगस्ट २०२५ ही तारीख मुक्रर केली होती. डिसेंबर २००९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने लांबलचक वेबपत्ते आखूड करून दिले आणि ते लेखांत, तळटिपांत, छापील पुस्तकांत जाऊन बसले. ऐन वेळी निर्णय सौम्य झाला. वापरात असलेले दुवे राखले जातील, २०२४ च्या अखेरीस ज्यांवर काहीच हालचाल दिसली नाही तेवढे बंद होतील, असे कंपनीने जाहीर केले.

२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या अटीपाशी क्षणभर थांबावे. अलीकडे कुणी हात लावला नाही म्हणून टाकून द्यायचे, हा निकष पुण्याच्या पेशवे दफ्तराला लावला तर किती रुमाल उरतील? वर्षानुवर्षे न सुटलेल्या रुमालातला कागदच कधी एखादा जुना समज मोडून काढतो. तळटीपही अशीच वाट पाहत असते. तिच्याकडे वळणारा वाचक कदाचित तीस वर्षांनी येईल.

३/
या सेवांचा उगम साध्या गरजेत आहे. जानेवारी २००२ मध्ये केव्हिन गिल्बर्टसन या अमेरिकी वेब डेव्हलपरने ‘टायनीयूआरएल’ सुरू केले. एकचाकी सायकलीचा छंद असलेल्या या गृहस्थाला चर्चागटांतील संदेशांत लांब पत्ते देणे गैरसोयीचे वाटे. पुढे २००६ मध्ये ट्विटर आले. तिथल्या १४० अक्षरांच्या मर्यादेत लांब पत्त्याला जागाच नव्हती, आणि अशा सेवांचे पेव फुटले.

४/
आतली यंत्रणा म्हणजे दोन रकान्यांची वही. डावीकडे आखूड नाव, उजवीकडे खरा पत्ता. वाचकाचा ब्राउझर आखूड नाव विचारतो आणि सर्व्हर बहुधा ‘३०१’ हा संकेत देऊन खऱ्या पत्त्याकडे पाठवतो. १९९६ च्या एचटीटीपी मसुद्यात या संकेताचा अर्थ ‘कायमचे स्थलांतरित’ असा नोंदलेला आहे. ‘कायमचे’ हा शब्द मात्र वही सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर टिकतो.

५/
ती मर्जी किती नाजूक, हे लवकरच दिसले. ऑगस्ट २००९ मध्ये ‘ट्रिम’ या सेवेने बंद होण्याची घोषणा केली. ओरड झाल्यावर ती मागे घेतली. २०१० मध्ये ‘व्हीबी डॉट एलवाय’ हे डोमेन लिबियाच्या यंत्रणेने काढून घेतले, कारण ‘एलवाय’ हा त्या देशाचा प्रत्यय आणि तिथला मजकूर त्यांच्या कायद्यात बसेना. दुवा देणारा एका देशात, वाचक दुसऱ्या देशात आणि वहीची किल्ली तिसऱ्याच देशात.

६/
म्हणून काही जण ही वही स्वतःच लिहितात. स्वतःचे छोटे डोमेन घ्यावे आणि ते गिटहब पेजेससारख्या स्थिर होस्टिंगला जोडावे. डेटाबेस लागत नाही, सतत चालणारा प्रोग्रामही नाही. प्रत्येक आखूड नावाची एक फोल्डर, तिच्यात एक एचटीएमएल फाइल आणि त्या फाइलीत ‘मेटा रिफ्रेश’ची एक ओळ, जी वाचकाला पुढे नेते. खाली साधा दुवाही ठेवावा, म्हणजे आपोआप जाणे अडले तरी वाट अडत नाही. खरा ‘३०१’ हवा असेल तर नेटलिफायसारख्या ठिकाणी ‘रीडायरेक्ट्स’ची मजकूर-फाइल पुरते. तिच्यात एका ओळीवर एक नाव आणि त्यापुढे त्याचा पत्ता.

७/
या पद्धतीचे खरे बळ त्या फाइलीत आहे. ती कोणत्याही संगणकावर उघडते, तिची नक्कल काढता येते, छापूनही ठेवता येते. होस्टिंग देणारा बदलला तर फाइल नव्या जागी न्यायची. डोमेन तेच असल्याने जुन्या तळटिपांतले एक अक्षरही बदलावे लागत नाही. मूळ संकेतस्थळाने पत्ता बदलला तर उजवा रकाना दुरुस्त करायचा, आणि छापून गेलेला दुवाही पुन्हा चालू लागतो.

८/
तरीही भ्रम नसावा. डोमेनचे शुल्क ठरावीक मुदतीने भरावे लागते. एकदा ते चुकले की सगळे दुवे एकदम पडतात, आणि ते नाव परक्याच्या हाती गेले तर जुना दुवा भलतीकडेच नेऊ शकतो. मूळ पानच नाहीसे झाले तर वही काय करणार? म्हणून तळटिपेत आखूड दुव्यासोबत लेखकाचे नाव, शीर्षक, तारीख आणि मूळ पूर्ण पत्ता असावा, शक्य तिथे ते पान ‘वेबॅक मशीन’मध्ये जतन करावे, आणि ती दोन रकान्यांची वही सर्वांसाठी खुली ठेवावी.

९/
दफ्तरातला कागद सापडतो तो रुमालाचा क्रमांक कुणीतरी नीट लिहून ठेवल्यामुळे. तो लिहिणाऱ्याला पुढचा वाचक ठाऊक नसतो. दुवा देणाऱ्यालाही नसतो. त्या अनोळखी वाचकासाठी एक मजकूर-फाइल जपणे आणि डोमेनचे शुल्क वेळेवर भरणे, एवढे काम कुणालाही जमण्यासारखे आहे.