चाहूल घेणारा दिवा

आमच्या विवाहास चाळीस वर्षे पूर्ण झाली म्हणून मुलांनी आम्हा उभयतांना समुद्रपर्यटनास पाठविले, ती गोष्ट २०२२ च्या डिसेंबरातली. मुंबईहून निघायचे, मुरगाव बंदरात एक दिवस उतरायचे आणि पुन्हा मुंबई. नंदुरबारच्या माणसाला समुद्र तसा परका. तापी आमची, जिल्ह्याच्या उत्तर कडेने वाहणारी नर्मदाही आमचीच; परंतु बारा मजल्यांचे जहाज पाण्यावर उभे असते हे आम्ही चित्रातच पाहिले होते.

सामान भरताना जुन्या सवयीने आम्ही दोन मेणबत्त्या आणि एक काडेपेटी पिशवीत टाकली. भारनियमनात आयुष्य गेलेल्यांना याचे कारण सांगायला नको. बंदरावरच्या तपासणीत त्या दोन्ही वस्तू बाजूला काढून घेण्यात आल्या. जहाजाला पाण्यापेक्षा आगीचे भय अधिक. मेणबत्ती, इस्त्री, पाणी तापविण्याची कांडी, काही काही चालत नाही. आम्ही थोडे खजील झालो आणि वर चढलो.

आमची खोली आतल्या बाजूची होती. तिला खिडकी नाही, म्हणून तिचे भाडे कमी. (मुलांनी बाहेरची घेऊ म्हटले होते, काटकसर आमची.) खोली नीटनेटकी, पलंग मऊ. मात्र रात्री दिवा मालवला आणि जो अंधार पडला तसा अंधार आम्ही फार वर्षांत अनुभवला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापणीला हात लावून पाहावे! घरच्या अंधारात फटीतून रस्त्यावरचा दिवा येतो, चांदणे येते. आगगाडीच्या डब्यातदेखील तो निळा दिवा रात्रभर जागा असतो. इथे चारी भिंती पोलादी आणि दारही घट्ट बसणारे. बाहेरच्या बोळात जमिनीलगत मंद चकाकणारी पट्टी होती. आगीत धूर वर चढतो, तेव्हा माणसाने खाली वाकून वाट शोधावी म्हणून ती लावतात. आमच्या खोलीत मात्र ती नव्हती.

त्या रात्री दोनच्या सुमारास आमच्यापैकी जिचे गुडघे कुरकुरतात ती उठली. शेजारी जो झोपला होता त्याला ऐकू कमी येते. त्याची झोप मोडू नये म्हणून तिने दिवा लावला नाही. न्हाणीघराच्या दाराला वीतभर उंच उंबरठा असतो, आतले पाणी बाहेर येऊ नये म्हणून. त्याला पाय अडखळला. पडल्याचा आवाज कमी ऐकणाऱ्यालाही आला. हाड मोडले नाही, परंतु गुडघा आणि कोपर काळेनिळे झाले. उरलेली रात्र आम्ही दिवा लावून बसून काढली आणि एकमेकांवर थोडे रागावलोही. ‘हाक का मारली नाहीस?’ या प्रश्नाला ‘रोज रात्री तीनदा हाक मारू का?’ असे उत्तर आले. त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

साठीनंतर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांशच उरतो, असे नेत्रवैद्य सांगतात. बाहुली आकसते, भिंग पिवळसर होते. आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास तरी लागतो. भपकन मोठा दिवा लावला की तो सराव क्षणात पुसला जातो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रात्री प्रकाश हवा, पण झगमगाट नको. मंद आणि पिवळसर असला तर उत्तम, कारण निळसर प्रकाश झोपेला सर्वांत जास्त बाधतो. आगगाडीच्या त्या निळ्या दिव्याविषयी आमचे मत तेव्हापासून थोडे बदलले आहे.

सकाळी खोली आवरायला आलेला मुलगा वसईचा निघाला. मराठी ऐकताच त्याचा चेहरा फुलला. ‘आंटी, लागलं का फार?’ म्हणून त्याने बर्फ आणून दिला, आणि मग भिंतीवर टकटक करून म्हणाला, ‘ही बघा, लोखंडाची आहे. चुंबक चिकटतो. आमचे नेहमीचे पाहुणे सेलवर चालणारा छोटा दिवा घेऊन येतात, माणूस उठला की आपोआप पेटणारा. न्हाणीच्या दाराशी खाली चिकटवतात. दिवा नसला तर न्हाणीतला दिवा चालू ठेवून दार अर्धवट उघडं ठेवतात, पण मग जहाज हललं की दार आपटतं.’ परदेशी जहाजांवर सहा वर्षे काढलेला तो पोरगा. घरी आजी आहे म्हणाला, तिलाही असाच एक नेऊन दिला होता.

त्या दिवसापासून आमच्यापैकी एकीने सूर्यास्तानंतर पाणी पिणे सोडले. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही, परंतु दोघांनाही ते कळले होते.

मुरगावला उतरलो तेव्हा सारे प्रवासी किनारे पाहायला गेले आणि आम्ही वास्कोच्या बाजारात दिवा शोधत हिंडलो. तिसऱ्या दुकानात मिळाला. मुठीएवढा, मागे चुंबक, आत तीन बारीक सेल, पुढे पांढरा अर्धगोल डोळा. दोन घेतले. त्या रात्री एक दिवा उंबरठ्याशी चिकटवून आम्ही काळोख केला. पाय पलंगाखाली सोडताच जमिनीवर मधाच्या रंगाचे वर्तुळ उमटले. उंबरठा स्पष्ट दिसला. परत येऊन अंग टाकल्यावर थोड्या वेळाने दिवा आपोआप निमाला. ‘दिसला,’ असे पलीकडून अंधारात कोणी म्हणाले. म्हणजे तोही जागाच होता.

जहाज डोलत असताना हा दिवा सतत का पेटत नाही, असा प्रश्न आम्हाला पडला. आमच्या थोरल्या मुलाने, तो अभियंता आहे, नंतर समजावून दिले. हा दिवा हालचाल पाहात नाही, ऊब पाहतो. माणसाच्या अंगातून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सतत निघत असतात. आत एक स्फटिक असतो, त्याचे दोन भाग एकमेकांविरुद्ध जोडलेले. सारी खोली एकसारखी असली तर दोन्ही भागांना सारखेच मिळते आणि हिशेब शून्य होतो. ऊबदार अंग एका भागाच्या नजरेतून दुसऱ्याच्या नजरेत गेले की तोल बिघडतो, आणि दिवा पेटतो. जहाजाबरोबर दिवा, भिंत, पलंग सारेच डोलतात. एकमेकांच्या मानाने कोणीच हलत नाही. उजेड असताना पेटू नये म्हणून प्रकाश ओळखणारा वेगळा भाग असतो.

तो पांढरा अर्धगोलदेखील साधा नाही. त्यावर बारीक कड्या आणि कप्पे असतात. अशा पायऱ्यापायऱ्यांचे भिंग फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहांसाठी योजिले. १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात ते प्रथम बसविण्यात आले. मुंबई सोडताना डाव्या हाताला खांदेरीचे दीपगृह आम्ही कठड्याला रेलून पाहिले होते. ते १८६७ चे. दीपगृहाचे भिंग एका ज्योतीचा प्रकाश कित्येक मैल दूर फेकते; आमच्या दिव्याचे भिंग खोलीभरातून येणारी ऊब एका ठिपक्यावर गोळा करते. कल्पना एकच, दिशा उलटी. हे कळल्यावर साडेतीनशे रुपयांच्या त्या वस्तूविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला.

घरी आल्यावर एक दिवा आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या अंगाला बसला. त्याचे खरे मोल आम्हाला इथे कळले. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आमच्या वयाची मंडळी बोलतात ती बहुधा पडण्याविषयीच. कोणाचे मनगट, कोणाचे खुब्याचे हाड. आम्ही आमचा दिवा वर्णन करून सांगू लागलो, आणि रात्रीचे पाणी आमच्या घरी पुन्हा सुरू झाले. हिवाळा आणि वसंत असे सुखात गेले.

मग मे महिना आला. नंदुरबारचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून पटणार नाही. दिवसा पारा बेचाळीस-त्रेचाळिसाला टेकतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्री ती आग घरात सोडत राहतात. अशाच एका रात्री आमच्यापैकी एक उठली आणि दिवा पेटला नाही. हात हलवला, पुढे चालली, काहीच नाही. सेल बदलले, तरी नाही. पहाटे मात्र पेटला. दुसऱ्या रात्री तसेच. तिसऱ्या दिवशी सायंकाळी माठावरचे भांडे पालथे घातलेले दिसले.

खानदेशच्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाने पाणी तोडणे म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. आम्ही मुलाला दूरध्वनी केला. तो म्हणाला, ‘तुमचं अंग आणि तुमची भिंत सारखीच तापली आहे. दिव्याला तुमच्यात आणि भिंतीत फरक दिसत नाही.’ जहाजावरच्या थंडगार खोलीत माणूस त्याला निखाऱ्यासारखा दिसत होता. इथे तो भिंतीत विरून गेला होता. बहुधा थंड देशांतल्या थंड खोल्या मनात धरून ही वस्तू घडविली असावी. त्यात तिचा दोष नाही, पण आमच्या गावाला मे महिना येतोच.

उपाय योगायोगाने सापडला. सायंकाळी फरशी पुसताना दिवा काढून माठाच्या तिवईसमोर ठेवला होता, तो तिथेच राहिला. रात्री त्यासमोरून जाताच तो पेटला. ओला माठ पाझरतो आणि गार राहतो. त्या गारव्यापुढून तापलेले अंग गेले की फरक दिसतो. माठापासून तीन हातांवर, त्याच्याकडे तोंड करून, आम्ही तो दिवा पक्का केला. आता रात्री उठणाऱ्याला माठावरूनच जावे लागते. भांडे सुलटे झाले.

दुसरा दिवा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने नेला. अक्राणीच्या डोंगरात आश्रमशाळेवर आम्ही दोघांनी ऐंशीच्या दशकात काही वर्षे शिकविले. तेव्हा पाड्यांवर वीज नव्हती. आमच्या खोलीत कंदिलाची वात रात्रभर बारीक करून ठेवलेली असे, आणि पाड्यावरच्या घरांत चुलीतला निखारा राखेखाली झाकलेला. विंचवाच्या भयाने पाय खाली टाकण्यापूर्वी कंदील मोठा करायचा, ही शिस्त आम्ही तिथेच शिकलो. तो विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर भेटायला आला, कपाटाखालचा दिवा आम्ही तोवर पुन्हा जागेवर लावला होता, आणि तो पेटताना पाहून त्याला त्याच्या आईची आठवण झाली. तीही रात्री बाहेर जाते. कुडाच्या भिंतीला चुंबक चिकटणार नाही, म्हणून आम्ही सुतळीही दिली.

दोन आठवड्यांनी त्याचा निरोप आला की सेल संपले. दाराच्या खांबाला दिवा बांधला, तर कुत्रे गेले की पेटे, बकरी उठली की पेटे. डोंगरात रात्री गार असते, त्यामुळे प्रत्येक जीव त्याला लख्ख दिसत होता. आम्ही म्हटले, मग तो काढून घरात आत बांध. तो हसला. आईने तो काढला आहे खरा, म्हणाला, पण घरात नाही, शेळ्यांच्या गोठ्यात, कुंपणाच्या बाहेर तोंड करून बांधला आहे. गेल्या वर्षी बिबट्याने दोन पाटी उचलल्या होत्या. आता रात्री गोठ्याकडे उजेड दिसला की ती ताट वाजविते. स्वतः बाहेर जाताना जुना कंदीलच घेते. तिच्या मते तो अधिक भरवशाचा.

‘सर, बाई,’ तो म्हणाला, ‘तिने सेल मागितले आहेत. सहा पाठवता का?’