एक बारीक सुई आणि आईची सायटिका

हे आजवर कुणीच कसं सांगितलं नव्हतं! मणक्यांमधली गादी सरकली की अंथरूण नाहीतर ऑपरेशन, एवढंच ऐकत आले होते. सत्तरी ओलांडलेली आई, त्यात मधुमेह. कमरेतून निघालेली कळ थेट अंगठ्यापर्यंत जायची, रात्री कूस बदलवत नव्हती. आणि डॉक्टर म्हणाले, "आजी, आधी एक इंजेक्शन देऊन बघू."

काय ते इंजेक्शन! पालथं झोपवून कातडी तेवढी बधिर करतात. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर मणके बघत बघत, नस जिथून बाहेर पडते त्या फटीपाशी सुई नेतात आणि आधी पडद्यावर दिसणारा थोडा डाय सोडतात. आईचं ते चित्र डॉक्टरांनी नंतर दाखवलं. नसेच्या कडेने उतरत गेलेली काळी रेघ! म्हणजे औषध नेमकं तिथेच जाणार.

पण मला वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ही सुई गादीला हातच लावत नाही! गादीतून बाहेर आलेला गर नसेला नुसता दाबत नाही, त्यातल्या रसायनांनी नस सुजते. इंजेक्शनमधलं स्टिरॉइड ती सूज उतरवतं. आणि गर? तो पुष्कळदा शरीरच खाऊन टाकतं! भक्षक पेशी येतात, काही महिन्यांत तो आकसतो. तोवरचे दिवस सोसवावेत म्हणून ही सुई.

कण्यात खालून औषध सोडण्याची युक्ती पॅरिसच्या सिकार आणि कॅथलँ यांची, १९०१ ची. सरकलेली गादी नस छळते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडलं, म्हणजे उपाय आधी आणि उलगडा नंतर! पुढे अमेरिकेत लायमन स्मिथ यांनी चक्क पपईतलं एंझाइम गादीत टोचून गर विरघळवला. काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी झाली. जपानमध्ये २०१८ पासून जिवाणूपासून मिळवलेलं कोंडोलियेझ हे एंझाइम त्यासाठी वापरतात, तेही आयुष्यात एकदाच.

आईला दिलेल्या या स्टिरॉइडच्या सुईनेही सगळ्यांना गुण येतोच असं नाही, कधी तो थोड्या आठवड्यांत ओसरतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधीच सांगायच्या, नंतर काही दिवस साखर वाढते. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आईची कळ बरीच उतरली आहे. जे व्यायाम तिला करताच येत नव्हते, ते ती आता फिजिओथेरपिस्टसमोर रोज करते आहे.